सावल्यांचा फळा

आमच्या टीमचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. वाईट वाटून घेऊ नका, चेन्नईतसुद्धा ते फारसं कुणी ऐकलं नव्हतं. दोन गाड्या, एक म्हातारा टेम्पो, आवडी नावाच्या उपनगरात रुळांपलीकडं पत्र्याची शेड आणि आम्ही चार-पाच माणसं, एवढीच आमची मोटार रेसिंग टीम. संपादकांनी 'वेगाचा थरार' या विषयावर लिहा म्हणून कळवलं, तेव्हा मला हसू आलं. मी आयुष्य काढलं ते पिटच्या, म्हणजे रेसमध्ये गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या, भिंतीला टेकून. थरार गाडीत बसणाऱ्याला असतो. भिंतीला टेकलेल्याच्या वाट्याला येते ती काळजी, आणि तिच्याबद्दल मात्र मी अधिकारानं लिहू शकतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. इंजिनं उघडायची आणि पुन्हा बसवायची, या एका कलेवर पोट भरायला पोरवयात मद्रासला आलो आणि इथलाच झालो. आमच्या टीमचे मालक राव सर. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. कारखान्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी रेसच्या गाड्या बांधायचा उद्योग मांडला, तेव्हा नातेवाइकांनी त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असं ठरवून टाकलं. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "दादा, भोजन झालें की?" मी चाट पडलो. वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. पण त्यांच्या घरात तशीच मराठी बोलतात, तीनशे वर्षांपूर्वीची, वरून तमिळची फोडणी दिलेली. माझी कोल्हापुरी ऐकून त्यांच्या घरातले हसायचे आणि त्यांची ऐकून मी. अशी आमची फिटंफाट होती.

टीम मॅनेजर हे माझं कागदावरचं पद. प्रत्यक्षात टायरमध्ये हवा भरणं, पेट्रोल मोजणं, सांबारभाताचे डबे मागवणं, मार्शलशी, म्हणजे ट्रॅकवर नियम पाळायला लावणाऱ्यांशी, भांडणं आणि पाटी दाखवणं, हे सगळं माझ्याकडं. पाटीचं सांगतो. आमच्या वर्गातल्या गाड्यांना रेडिओ नव्हता. गाडी सुटली की ड्रायव्हरशी बोलायचं साधन एकच, ते म्हणजे भिंतीवरून बाहेर काढलेली लांब दांड्याची पाटी. तिच्यावर आकडे लावायचे: कितवा नंबर, किती फेऱ्या राहिल्या. आणि गरज पडली तर एक बाण, 'आत ये'. गाडी समोरून सुसाट जाते तेवढ्यात ड्रायव्हरनं ते वाचायचं.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. पिटच्या भिंतीवरून रेस दिसत नाही. गाडी डोळ्यांसमोरून क्षणभर जाते आणि पहिल्या वळणाआड नाहीशी होते. मग फक्त आवाज. श्रीपेरुंबुदूरकडच्या ज्या माळावर आमचा ट्रॅक आहे, तिथं वारा असेल तिकडं आवाज जातो, म्हणजे कधी कधी तोही नाही. प्रत्येक फेरीला गाडी पुन्हा दिसेपर्यंत घड्याळाचे सेकंद मोजायचे, दिसली की हुश्श, की लगेच पुन्हा मोजणी. आपल्या गाडीच्या मागची गाडी आधी आली तर काय होतं, ते मी लिहीत नाही. ज्याच्या घरातलं माणूस कधी वेळेवर परत आलेलं नाही, त्याला ते माहीत आहे.

आमच्याकडं पैसे भरून गाडी चालवायला येणारी हौशी मंडळीही असायची. सराफाचा एक मुलगा होता. त्याच्याबरोबर त्याचा जोतिषीही यायचा. राहुकाळात इंजिन चालू करायचं नाही, ही पहिली अट. गाडीचं तोंड पूर्वेला असतानाच ती गॅरेजमधून बाहेर पडली पाहिजे, ही दुसरी. आता आमच्या गॅरेजचं दार पश्चिमेला. मग आम्ही गाडी उलटी ढकलत बाहेर काढायचो, म्हणजे तोंड पूर्वेला आणि बूड पश्चिमेला. शेजारच्या टीमची पोरं शिट्ट्या मारायची. आमचा मुख्य मेकॅनिक सेल्वम रागानं लाल व्हायचा. मी त्याला म्हणायचो, "अरे, चालवता येत नाही तो ग्रहांवर भिस्त ठेवणारच. ढकल." तो मुलगा शेवटून दुसरा आला तरी जोतिष्याला पेढे द्यायचा. शेवटचा नंबर टळला ना!

पण हाच मुलगा पुढं जास्त नावाजलेल्या टीमकडं गेला आणि पहिल्याच सरावात त्याचा ब्रेक लागला नाही. लागला नाही म्हणजे पेडल खालीच जाईना. गाडी सरळ वाळूतून टायरांच्या भिंतीत. पायाचं हाड मोडलं, जीव वाचला. गाडी ओढून आणली तेव्हा पेडलच्या मागं एक पाना सापडला. कुणीतरी काम करताना आत ठेवला आणि विसरला. एवढंच. रेसची गाडी म्हणजे पायांशी बोगदा असतो, त्यात घरंगळलेली वस्तू ड्रायव्हरला दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. ब्रेक मारला की ती पुढं येते, आणि ब्रेकच्याच आड बसते.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेडमध्ये प्लायवुडचा एक मोठा फळा आणला. एकेक हत्यार त्यावर ठेवून सेल्वमनं त्याच्या कडेनं रेघ मारली आणि आतला भाग काळ्या रंगानं भरला. प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू ड्रायव्हरची काळी सावली तयार झाली. हत्यार जाग्यावर असलं की सावली झाकली जाते. नसलं की ती तोंड वासून दिसते, आंधळ्यालाही दिसेल अशी. ही युक्ती माझी नव्हे, विमानांच्या कारखान्यात वापरतात म्हणे. नियम मात्र माझा होता. फळा भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. मी एकेका हत्याराला हात लावून बघणार आणि "फळा भरला" म्हणणार. त्यानंतर कुणी काही वापरलंच, तर काम झाल्यावर ते जाग्यावर लावून मोठ्यानं "फळा!" ओरडायचं. मालक असो की मालकाचा जावई, नियमात सवलत नाही.

राव सरांना जावई नव्हता. मुलगी होती, वसुधा. ती आमच्या शेडमध्ये टायरांच्या चळतीवर बसून वाढली. मला 'काका' म्हणायची आणि सेल्वमला हसू फुटायचं, कारण तमिळमध्ये काका म्हणजे कावळा. अभ्यासात हुशार, बोलायला तिखट. तिला मराठी येते ती घरातली, वाचता-लिहिता येत नाही. गाडीत बसली की मात्र ती वेगळीच व्हायची, शांत. आमची पहिली गाडी तिनं मागितली नाही, आम्हीच देऊन बसलो. इतकी वर्षं ज्या ड्रायव्हरची वाट बघितली, तो घरातच निघाला.

तिच्या आईला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का वेलचेरीच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी लेकीची एकच रेस बघितली. त्या रेसमध्ये वसुधाच्या गाडीला मागून धक्का बसला, गाडी दोनदा उलटली आणि चाकं वर करून थांबली. मार्शलनी तिला बाहेर काढलं, तिनं हात हलवला, तिला खरचटलंही नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का टाळ्या वाजवत नव्हत्या. माझ्या शेजारी त्या उभ्या होत्या आणि माझा दंड धरलेला त्यांना कळलंही नव्हतं. नंतर पाहिलं तर नखं उमटली होती. घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "पोतुम, दादा. पुरे. मी पुन्हा बघणार नाही." लेकीला त्यांनी अडवलं नाही. पण त्या दिवसापासून रेसच्या सकाळी त्या यायच्या, चार चाकांखाली चार लिंबं ठेवायच्या, कापूर ओवाळून दृष्ट काढायच्या आणि इंजिन चालू व्हायच्या आत रिक्षानं घरी जायच्या. लिंबं चिरडली की सेल्वम टायर पुसून घ्यायचा. लिंबाच्या रसावर टायर घसरतो हे खरं, पण अक्कांना तसं सांगायची छाती कुणाची नव्हती.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो दिवस.

हंगामातली शेवटची रेस होती. वसुधा गुणांत दुसरी. पहिल्या नंबरच्या मुलाच्या पुढं राहून रेस संपवली की अजिंक्यपद आमचं. टायर देणाऱ्या कंपनीच्या माणसानं चहा पिता पिता सांगून ठेवलं होतं, की अजिंक्यपद आलं तर पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याबरोबर, नाहीतर बघू. 'बघू' म्हणजे काय ते धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी आयुधपूजा आली. आपल्याकडची खंडेनवमी. इथं त्या दिवशी रिक्षापासून शिलाईमशीनपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं, कोहळा फुटतो, आणि महत्त्वाचं म्हणजे पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी वापरत नाही. आम्ही मात्र त्याच दिवशी सगळी हत्यारं राबवणार होतो. सेल्वम सकाळपासून अस्वस्थ. "सार, आज पान्याला हात लावणं बरं नव्हे," असं त्यानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "देवीला कळतं रे, आपलं पोट यावर आहे." खरं सांगायचं तर मलाही कसंसंच वाटत होतं.

अक्का आल्या. लिंबं झाली, कापूर झाला. मी एकेका हत्याराला हात लावला आणि म्हटलं, फळा भरला. वसुधा गाडीत बसली, पट्टे आवळले. आणि तिनं हात वर केला. पट्ट्याचा एक बोल्ट सैल वाटत होता. सेल्वमनं फळ्यावरून दहा नंबरचा पाना काढला, तिच्या मांडीशेजारी हात घालून बोल्ट आवळला. तेवढ्यात भोंगा झाला. पिटचं तोंड बंद व्हायच्या आत गाडी बाहेर पडली नाही तर सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी लागते. एकच धांदल. "फळा!" असं सेल्वम ओरडलेला मी ऐकला. अक्का नेहमीसारख्या इंजिन चालू व्हायच्या आत पिशवी उचलून रिक्षाकडं गेल्या. इंजिन चालू झालं. गाडी गेली. राव सर छत्री घेऊन तिच्यामागं सुरुवातीच्या रेषेकडं गेले.

मी पाटी घ्यायला वळलो आणि माझी नजर फळ्याकडं गेली. दहाच्या पान्याची सावली उघडी होती.

"सेल्वम, दहाचा कुठाय?"

"लावला सार. नान वेच्चुट्टेन." म्हणजे ठेवला मी.

"मग दाखव."

त्यानं फळ्याकडं बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खिसे उलटे केले, चटया झटकल्या, कचऱ्याचा डबा ओतला. मी रेषेकडं धावत सुटलो. धापा टाकत निम्म्यावर पोहोचतो तोवर मार्शलनं आडवा हात धरला. हिरवा झेंडा हलला होता. गाड्या निघाल्या होत्या.

भिंतीपाशी परत आलो. राव सरही आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पलीकडून गाड्यांचा एकत्र आवाज आला, आणि समोरून पहिली गेली ती वसुधा. पहिल्याच फेरीत तिनं त्या मुलाला मागं टाकलं होतं. शेजारच्या टीमची माणसं आमच्याकडं बघून अंगठे दाखवत होती.

"सेल्वम ठेवला म्हणतो," राव सर म्हणाले.

"म्हणतो. पण पाना नाही."

"मग तुम्ही काय म्हणतां, दादा?"

सेल्वमवर माझा माझ्या डोळ्यांइतका विश्वास. पण माझ्या डोळ्यांना उघडी सावली दिसत होती. पाना वापरला गाडीत, बसलेल्या ड्रायव्हरच्या मांडीशेजारी. तो फळ्यावर नाही, जमिनीवर नाही, मग कुठं असणार? आणि लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, सगळ्यात जास्त वेगात असताना ती ब्रेक मारणार होती. प्रत्येक फेरीला. मला त्या सराफाच्या मुलाचा पाय दिसायला लागला. राव सरांकडं बघितलं, तर ते बाप की मालक हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "पाटी तुमच्या हातीं आहे."

मी आकडे काढले आणि बाण लावला.

तिनं वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं. पुढच्या फेरीला मी पाटी आणखी बाहेर काढली. या वेळी हेल्मेट डावी-उजवीकडं हललं. नाही म्हणत होती. मी असतो तरी तेच केलं असतं. सगळ्यांच्या पुढं चाललेल्या माणसाला आत ये म्हणणारा काका कावळाच म्हणायचा. त्या फेरीत वारा उलटा होता आणि मला पलीकडचा काहीही आवाज येत नव्हता. इतकी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. गाडी पुन्हा दिसली तेव्हा राव सरांनी माझ्या हातातून पाटी ओढून घेतली, भिंतीवरून कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि ती दोन्ही हातांनी हलवत लेकीच्या नावानं ओरडले. तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण बाप दिसला असणार. पुढच्या फेरीला ती आत आली.

आम्ही सीट उपटली. सेल्वम डोकं खाली घालून बोगद्यात घुसला. मी बॅटरी मारत होतो. पेडलमागं, तळाशी, सीटखाली, सगळीकडं बघितलं. काही नव्हतं. वसुधा हेल्मेट न काढता बाजूला उभी होती, आणि तिच्यासमोरून सगळ्या गाड्या एकेक करून निघून गेल्या.

"काका, व्हाय?" हेल्मेटच्या आतून आवाज आला. "मी पुढं होते. व्हाय?"

मी फळ्याकडं बोट दाखवलं. तिनं बघितलं. अजिंक्यपद त्या मुलाला मिळालं, आम्ही सामान टेम्पोत भरलं. सेल्वम रडत होता आणि कुणाकडं बघत नव्हता. पाना नाही म्हणजे चोर किंवा गबाळ्या तोच, असा त्याचा हिशेब झाला होता.

आयुधपूजेचा प्रसाद घ्यायला जायचं असा रिवाज, म्हणून सगळे वेलचेरीला राव सरांच्या घरी गेलो. कुणाला भूक नव्हती. अक्कांनी दार उघडलं आणि लेकीकडं न बघता मला पहिला प्रश्न विचारला, "गाडी सुटली होती?"

मला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. "सुटली अक्का, पण मध्येच परत आणली," मी म्हटलं. त्या एकदम भिंतीला धरून खाली बसल्या. आम्ही समजलो, दिवसभराच्या उपासानं चक्कर आली. वसुधानं पाणी आणलं.

तेवढ्यात सेल्वमनं किंकाळी फोडली. सरस्वतीच्या तसबिरीपुढं केळीच्या पानावर पुस्तकं, वीणा, कात्री, आणि त्यांच्या मधोमध दहाचा पाना, चंदनाचं बोट आणि कुंकवाची टिकली लावून झोपला होता.

मग अक्का खाली मान घालून म्हणाल्या, "सगळीं हत्यारें आज राबणार. एकाला तरी पूजा नको की? म्हणून आणलें."

सेल्वमनं आधी पान्याला आणि मग अक्कांना साष्टांग नमस्कार घातला, कारण त्याची अब्रू परत आली होती. वसुधा हसायला लागली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. तिनं पान्याला हात लावला नाही, पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, सॉरी." चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद खाऊन आम्ही घरी गेलो. पुढं हा किस्सा ट्रॅकवर सगळीकडं झाला. देवीनं आमचं अजिंक्यपद नैवेद्याला घेतलं, असं आम्हीच सांगत सुटलो. जखम हसण्यावारी नेली की लोक फार खोलात शिरत नाहीत.

टायरवाल्यांनी 'बघू' म्हटलेलं पाळलं, म्हणजे पुन्हा बघितलं नाही. पुढच्या हंगामात आम्ही एकच गाडी काढली, त्याच्या पुढच्या हंगामात तीही नाही. वसुधा मोटारींच्या कारखान्यात चाचणी ड्रायव्हर झाली. सेल्वमनं अंबत्तूरला स्वतःचं गॅरेज घातलं. राव सर गेले, आणि शेड भाड्यानं गेली. फळा माझ्या घरी आला. ज्या भिंतीवर लोक देवांच्या तसबिरी लावतात, तिथं माझ्याकडं पान्यांच्या सावल्या. मी निर्णय बरोबर घेतला होता, आजही तोच घेईन. पण पाना गाडीत नव्हता, हेही तितकंच खरं. आम्ही बरोबर वागलो आणि बुडालो. याची हळहळ जात नाही.

यंदा वसुधानं पुन्हा टीम काढली. एक गाडी, सेल्वम, ती स्वतः, आणि मी. फळा मागायला ती घरी आली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. "दादा, येऊन जातां की? एकटेच या."

गेलो. त्यांनी कॉफी दिली, समोर बसल्या. शाळेत फळ्यासमोर उभं राहून बोलायची सवय असलेली बाई, पण त्या दिवशी कपातल्या कॉफीकडं बघत बोलत होती.

"तो पाना मी पूजेला आणला नव्हता," त्या म्हणाल्या.

मी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

"तुम्हीच जेवतां जेवतां सांगत होतां. फळा रिकामा असेल तर गाडी हलत नाही. वर्षानुवर्षें ऐकत होतें. त्या दिवशीं तिला बसलेली पाहिलें आणि मला दिसलें, गाडी उलटी, चाकें वर. सेल्वमनें पाना लावला. मी काढला आणि पिशवींत टाकला. वाटलें, आज जाणार नाही ती. रिक्षांत बसून देवाचे आभार मानत घरीं आलें. पाना कोठे ठेवूं कळेना, म्हणून देवापुढे ठेवला. कुंकू नंतर लावलें."

माझ्या हातातली कॉफी निवली. पाना गाडीत नव्हता हे सगळ्या जगात एकट्या त्यांना माहीत होतं, आणि गाडी सुटली हे एकट्या त्यांना माहीत नव्हतं. दारातला तो पहिला प्रश्न मला आता कळला.

"अक्का, इतकी वर्षं गेली. पोर हसली, विसरली. आता कशाला?"

"तिला सांगा, दादा. माझ्या तोंडून निघत नाही."

"पण का?"

"सांगितलें नाहीं तर मी पुन्हा करीन," अक्का म्हणाल्या. "तिला ठाऊक झालें म्हणजे ती मला फळ्याजवळ येऊं देणार नाही."

मी वसुधाला सांगितलं. शेडमध्येच, टायरांच्या चळतीवर बसवून. ती बराच वेळ चाकाशी चाळा करत राहिली. मला वाटलं, आता आई-लेकीचं तुटतंय, आणि तोडणारा मी. मग ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, "सरि. ठीक आहे. काका, एक करायचं. फळा आता तुम्ही तपासायचा नाही. आई तपासणार. ती भरला म्हणेपर्यंत मी निघणार नाही. किती वेळ लागला तरी."

हे छापायला अक्कांची परवानगी आहे. "लिहा की," म्हणाल्या, "आमच्यांत मराठी वाचतां कोणाला येतें!"

गेल्या महिन्यात पहिली रेस झाली. लिंबं झाली, कापूर झाला. वसुधा गाडीत बसली, पट्टे आवळले, हेल्मेटची काच खाली ओढली. सेल्वमनं इंजिन चालू केलं. इतक्या वर्षांत तो आवाज अक्कांनी जवळून ऐकलेला नव्हता, त्या दचकल्या. मग पदर खोचून फळ्यापुढं उभ्या राहिल्या आणि वर्गातली हजेरी घ्यावी तसा एकेका हत्याराला हात लावू लागल्या. आठचा, नऊचा. दहाच्या पान्यावर त्यांचा हात थांबला. बोटं त्याच्याभोवती मिटली. भोंगा झाला. सेल्वम माझ्याकडं बघायला लागला, मी जमिनीकडं. वसुधा हलली नाही. काचेआडून ती आईकडं बघत होती की समोर, ते मला दिसत नव्हतं.

अक्कांनी बोटं सोडली. उरलेल्या हत्यारांना हात लावला, एकही न वगळता. मग वळल्या आणि इंजिनाच्या वरताण आवाजात म्हणाल्या, "भरला."

गाडी गेली. रिक्षा बाहेर उभी होती. अक्का माझ्या शेजारी भिंतीपाशी आल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.